टिळकवाडीतली मस्टँग ठेवावी की विकावी?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या टिळकवाडीत राहणारे, तिथल्याच उद्यमबागेत फौंड्री असलेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ विचारतात: "माझ्याकडे २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. केए-२२ नंबर, मी पहिलाच मालक, एकूण १४,२०० किलोमीटर. गेल्या वर्षभरात जेमतेम ६०० किलोमीटर चालवली. पाठ दुखते, गावात गर्दी वाढली, हंपवर गाडी खाली घासते. मुलगा पुण्यात आहे, त्याला या गाडीत रस नाही. घरातून 'विकून टाका' असं चाललंय. बंगळूरचा एक डीलर ४२ लाख देतो म्हणतो, कोल्हापूरचा ३८. पण ज्या वर्षी फौंड्रीचं शेवटचं कर्ज फिटलं त्या वर्षी ही गाडी घेतली होती. विकावी की ठेवावी? अजून थांबलो तर किंमत वाढेल का?"

मी ३१ वर्षं गॅरेज चालवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं अशाच महागड्या, कमी चालणाऱ्या गाड्यांवर काम केलंय. माझं मत आधीच सांगतो. आज लगेच विकू नका, आणि आज आहे तशी उभीही ठेवू नका. आत्ता संक्रांत झालीय. या महिन्यात गाडी शंभर टक्के चालती करून घ्या, फेब्रुवारी ते एप्रिल ती चालवा आणि मे महिन्यात निर्णय घ्या. पावसाळ्यात ही गाडी निर्णयाविना उभी राहता कामा नये. हा मार्ग सुचवतोय कारण ठेवण्यासाठी गाडीवर जे काम करावं लागणार तेच विकण्यासाठीही करावं लागणार. दोन्हीची तयारी एकच. त्यामुळे निर्णय कुठलाही झाला तरी खर्च वाया जात नाही.

आता पैशाचं बघू. तुम्ही कळवलेले आकडेच घेतो. विमा ७६,०००, वर्षाची सर्व्हिस ४२,०००, दर दोन वर्षांनी बॅटरी १८,००० म्हणजे वर्षाला ९,०००. टायरचा सेट सव्वा लाखाचा, सहा वर्षांवर वाटला तर वर्षाला साधारण २१,०००. बेरीज १,४८,०००. ६०० किलोमीटरने भागा, किलोमीटरला २४७ रुपये पडतात, आणि यात पेट्रोल धरलेलंच नाही. ४२ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २,७३,००० व्याज येईल, तेही सोडलेलं आहे. हीच गाडी वर्षाला ३,००० किलोमीटर चालवली तर २४७ चा आकडा ५० च्या खाली येतो. म्हणजे चालवल्याने गाडी महाग पडत नाही, उभी ठेवल्याने पडते. तरीही एवढ्यावरच निर्णय घ्या असं मी म्हणणार नाही. हा खर्च तुम्हाला जड नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतंच. खरं नुकसान बँकेच्या पासबुकात दिसत नाही, ते ताडपत्रीखाली होत असतं.

काही वर्षांपूर्वी खानापूर रोडवरच्या एका बंगल्यातून मला बोलावणं आलं. लाल रंगाची, उघड्या टपाची दोन सीटची गाडी, सलग दोन पावसाळे शेडमध्ये झाकून ठेवलेली. मालक सांगत होते, "गाडी एकदम नवीन आहे, फक्त बॅटरी उतरलीय." कव्हर काढलं तेव्हा रंग खरोखर आरशासारखा चमकत होता. मी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा सोडवला. आत भुईमुगाच्या टरफलांचा ढीग होता, आणि बॉनेटखालचं आवाज अडवणारं अस्तर कुरतडून कापसासारखं केलेलं उंदराचं घरटं. त्याच्या बाजूनेच इंजिनच्या वायरिंगची जुडी जाते. तिच्यातल्या सात वायरी सोललेल्या होत्या, दोन आरपार तुटलेल्या. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं तर पेट्रोलचा वास नाही, जुन्या वार्निशचा. ब्रेकच्या चकत्या पॅडला चिकटल्या होत्या, गाडी ढकलायला चौघं लागले. मालक काहीच बोलले नाहीत. दारातून हात आत घालून बराच वेळ नुसतं स्टिअरिंग धरून उभे राहिले. त्या गाडीला आधी १९ लाखांची मागणी होती, ती ११ लाखांना गेली. अपघात नाही, ओरखडा नाही, उभी राहून गेली.

आपल्याकडची हवा उभ्या गाडीला मानवत नाही. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, ती गाडीच्या चामड्याच्या सीटवरही येते. त्यात पेट्रोल बदललं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात आणि २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. रोज चालणाऱ्या गाडीत ते आठवड्याभरात जळून जातं. उभ्या गाडीत गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी असेल तर वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा कामाला लागते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतला पंप इंजिनसाठी पेट्रोल ओढतो तो तळातूनच. म्हणून गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची, आणि तीन महिन्यांच्या आत ते पेट्रोल जाळून टाकायचं.

तुमचा ड्रायव्हर दर रविवारी गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करतो असं तुम्ही लिहिलंय. ते आजपासून थांबवा. एवढं कळकळीने सांगतोय कारण हे प्रत्येक जण चांगल्या हेतूने करतो आणि त्यातूनच गाडी खराब होते. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ही वाफ निघून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाहीत, मग पाणी सायलेन्सरमध्ये साचून आतून गंज धरतो आणि थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. बॅटरीचंही तसंच. स्टार्टरने जेवढी ओढली तेवढी पाच मिनिटांत परत भरत नाही, म्हणून तुमची बॅटरी दर दोन वर्षांनी जाते. त्यापेक्षा बॅटरीला कायम लावून ठेवायचा छोटा स्मार्ट चार्जर घ्या. मीटर लावून बघितलं तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली राहायला लागली की समजा, ती आतून मरायला लागली. गाडी सुरू करायचीच तर निदान २५-३० किलोमीटर चालवून आणायची, नाहीतर हात लावायचा नाही.

टायरबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. तुम्ही म्हणता "टायर नवेच आहेत, नक्षी ८० टक्के शिल्लक." टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गाडीबरोबर आलेले मूळचेच टायर असतील तर त्यांना आठ वर्षं होऊन गेली. नक्षी कितीही असो, रबर कडक झालंय. ४०० घोड्यांच्या, मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीत पावसात असे टायर मी कुणाला वापरू देणार नाही. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं, ते किलोमीटर न मोजता दर दोन वर्षांनी बदलायचं. इंजिन ऑइल वर्षाला एकदा, गाडी ६०० चालो की ६,०००. गाडी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकाला लाकडी ओंडके लावा. टायमिंगचा पट्टा तुटेल ही काळजी नको, या इंजिनला पट्ट्याऐवजी चेन आहे.

सुटे भाग मिळतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पण मस्टँग इथे बनतच नव्हती, ती पूर्ण आयात होती. फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, सेन्सर बाहेरून मागवता येतात. जगभर लाखो मस्टँग आहेत, त्यामुळे इंजिनचं सामान दुर्मीळ नाही. त्रास होतो तो काच, दिवे, बंपर या अंगाच्या वस्तूंचा. एक बंपर यायला महिने जातात. बुश किंवा ब्रॅकेट अडलं तर उद्यमबागेत तसं करून देणारे हात आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. गाडी का चालत नाही, याची तुम्ही तीन कारणं दिलीत. गर्दी आणि हंप हे बाहेरचं कारण, त्यावर उपाय आहे. पहिल्या रेल्वे गेटाजवळच्या संध्याकाळच्या गर्दीत ही गाडी काढायचीच नाही. रविवारी पहाटे साडेपाचला निघा, महामार्गाला लागा आणि कित्तूरपर्यंत जाऊन चहा घेऊन परत या. किंवा निपाणीकडे तवंदी घाट उतरून या. माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, वय ६६. दर दुसऱ्या रविवारी हेच करतात. साडेआठला घरी असतात, नातवाला शेजारी बसवून. त्यांची गाडी तुमच्यापेक्षा पाच वर्षं जुनी आहे आणि तिच्यात एकही गोष्ट अडलेली नाही. गोव्याकडच्या चोर्ला घाटाच्या वाटेला मात्र पावसानंतर लगेच जाऊ नका. मस्टँग जमिनीपासून जेमतेम साडेपाच इंच वर आहे, तिला तिथले खड्डे झेपत नाहीत.

पाठीचं कारण मात्र वेगळं. ते आतलं आहे आणि वयाबरोबर कमी होत नाही. म्हणून हे तीन महिने नुसते गाडीच्या परीक्षेचे नाहीत, तुमच्याही आहेत. सीट बरीच लोक जास्त मागे आणि जास्त आडवी ठेवतात. पाठ सरळ करा, मांडीला आधार मिळेल इतकी सीट उचला, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतके पुढे बसा. तीन महिन्यांत निदान सहा वेळा जाऊन या. परत आल्यावर गाडीतून उतरताना काय होतं याकडे लक्ष द्या. उतरल्यावर पाच मिनिटांत पाठ मोकळी होत असेल तर गाडी ठेवा. दुसऱ्या दिवशी फौंड्रीत खुर्चीतून उठता येत नसेल, किंवा सहापैकी चार रविवारी काहीतरी कारण निघून तुम्ही गेलाच नाहीत, तर शरीराने आणि मनाने उत्तर दिलेलं आहे. मग विका, आणि मन खाऊ देऊ नका.

किंमत वाढेल म्हणून थांबू नका. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि इथे नवी मस्टँग मिळणं थांबलं, म्हणून जुन्यांना भाव टिकून आहे, हे खरं. २०१६ मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत ६५ लाख होती, त्या मानाने नऊ वर्षांनी ४२ ही उत्तमच. पण भाव टिकणं वेगळं आणि वाढणं वेगळं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दहा वर्षं उलटली की गिऱ्हाईक हे दिवस मोजायला लागतं. उभी राहिलेल्या गाडीला तर कमी किलोमीटरचाही फायदा मिळत नाही. जाणकार खरेदीदार १४,२०० बघून खूश होत नाही, तो विचारतो, "मग उभी किती होती?"

विकायचीच ठरली तर कुठे विकायची, यात आपली सीमाभागातली माणसं हमखास चुकतात. आपलं लक्ष आधी कोल्हापूर-पुण्याकडे जातं. पाहुणे तिकडे, ओळखी तिकडे, बोलणं मराठीत. पण तुमची गाडी केए नंबरची आहे. २० लाखांच्या वरच्या गाडीला कर्नाटकात १८ टक्के आजीव कर आहे, वर उपकर. ६५ लाखांवर नुसता कर ११ लाख ७० हजार होतो, आणि तो तुम्ही भरून बसलाय. ही गाडी कर्नाटकातल्याच माणसाने घेतली, हुबळीचा असो की बंगळूरचा, तर त्याला तो कर पुन्हा भरावा लागत नाही. फक्त नाव बदलतं. कोल्हापूरच्या माणसाला इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, घ्यावी लागते, महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करावी लागते आणि गाडीच्या वयाप्रमाणे तिथला कर भरावा लागतो. तो हे सगळं तुमच्या किमतीतूनच वजा करणार. ३८ आणि ४२ मधला फरक तिथूनच येतो. कोल्हापूरचा डीलर तुम्हाला फसवत नाहीये, त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे. राज्याबाहेर गेलेल्या गाडीच्या कराचा उरलेला भाग परत मागण्याची तरतूद आहे, पण तिकडची नवी नोंदणी झाल्यावर अर्ज करायचा असतो, त्यामुळे त्या भरवशावर भाव ठरवू नका. तुमचं गिऱ्हाईक बंगळूरलाच शोधा. तिथे मस्टँग बाळगणारे बरेच आहेत, आणि डीलरपेक्षा थेट असा माणूस मिळाला तर तो ४२ च्या वरही जाईल, फक्त गाडी स्वतः चालवून बघेल. म्हणूनच ती चालती हवी.

कागदांत एक गोष्ट पहिल्यांदा तपासा: आरसी तुमच्या नावावर आहे की फौंड्रीच्या? स्वतःच्या नावावर, घरच्या वापराची असेल तर विक्रीवर तुम्हाला जीएसटी नाही आणि भांडवली नफ्याचा करही नाही. फौंड्रीच्या नावावर असून दरवर्षी घसारा दाखवला असेल तर घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि विक्रीची किंमत यांच्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. नऊ वर्षांत पुस्तकी किंमत पार खाली गेलेली असते, त्यामुळे हा आकडा लहान नसेल. डीलरशी बोलण्याआधी तुमच्या सीएंना विचारा.

बाकी नेहमीचंच. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घेतलेला, आणि राज्याबाहेर जाणार असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, सगळे पैसे बँकेतून, आणि खात्यावर जमा झाल्यावरच चावी. गाडी देताना तारीख आणि वेळ घातलेलं पत्र करून दोघांच्या सह्या घ्या. राज्यातल्या विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. हे एजंटवर सोडून विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. ४०० घोड्यांची गाडी एखाद्या पंचविशीतल्या मुलाच्या हातात आणि नाव मात्र तुमचं, अशी स्थिती एक दिवसही नको. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. इतकी वर्षं क्लेम घेतला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नसतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा, पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं.

शेवटी कर्ज फिटल्याच्या वर्षाबद्दल. हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं सगळा प्रश्न तिथेच आहे. वाळू-लोखंडात आयुष्य घातलेल्या माणसाने एक गोष्ट फक्त स्वतःच्या आनंदासाठी घेतली, तिचा मान राहिला पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. तो मान ताडपत्रीखाली राहत नाही. तुम्ही चालवणार असाल तर तुमच्याकडे राहील, नाहीतर जो चालवेल त्याच्याकडे. वहिनींना मात्र या सहा रविवारांपैकी निदान एकदा शेजारी बसवून न्या. नऊ वर्षांत त्या या गाडीत कितीदा बसल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांचं 'विकून टाका' हे गाडीबद्दल आहे की तुमच्या पाठीच्या काळजीपोटी आहे, ते त्या वाटेवर कळेल.

या आठवड्यात तीनच गोष्टी करा. टायरवरचे ते चार आकडे वाचून मला कळवा, एअर फिल्टरचा डबा उघडून आत बघा, आणि आरसी काढून नाव बघा. पहिल्या रविवारी निघण्याआधी टायरची हवा तपासा, इतके महिने उभ्या गाडीत ती उतरलेली असणारच. पहिले दहा किलोमीटर सावकाश न्या, आणि मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा हळूच ब्रेक दाबून चकत्यांवरचा गंज उतरवून घ्या. सुरुवातीला खरखर आवाज येईल, घाबरू नका. पंधरा किलोमीटरनंतरही येत राहिला तर मात्र तिथूनच गाडी वळवून माझ्याकडे आणा.